आधी परिसर बघा, मग फ्लॅट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वेळेअभावी राहून गेलेले दोन-तीन मुद्दे त्यात घातले आहेत.)

मागच्या रांगेत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या तरुण मित्रांनो,

सांस्कृतिक समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या हातात माईक देणं ही तशी जोखमीचीच गुंतवणूक. पण समितीने ती केली आहे, तेव्हा तुमचं मुद्दल तरी परत मिळेल एवढी काळजी घेतो. व्याजाची हमी देत नाही.

विषय मीच निवडला. त्याचं कारण सांगतो. २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा जी मुलं पार्किंगमध्ये सायकल शिकत होती, ती आज तिशीत आहेत. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, आणि आता त्यांची स्वतःची घरं शोधणं चालू आहे. कोणी वाघोलीला बघतंय, कोणी बाणेरला, कोणी आंबेगावला, कोणी पार मोशीला. यातली बरीच मुलं माझ्याकडे येतात. "काका, फिक्स्ड घेऊ की फ्लोटिंग?" "काका, हप्ता पगाराच्या किती टक्के असावा?" चांगले प्रश्न आहेत. मला जमेल तेवढी उत्तरं देतो, चहाही देतो. पण "काका, ती जागा राहायला सुरक्षित आहे का, हे कसं बघायचं?" असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी होऊन विषय काढला तर ठरलेलं उत्तर येतं, "एरिया चांगलाय काका. बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय."

आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे.

एका राष्ट्रीयीकृत बँकेत माझी अडतीस वर्षं गेली, त्यातली बरीच कर्ज विभागात. तेव्हा बँक घर बघते म्हणजे काय बघते, ते मला माहीत आहे. बँकेच्या पॅनेलवरचे वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतात. जमीन कोणाची, बोजा आहे का, दावा चालू आहे का, हे बघतात. मूल्यांकन करणारे इंजिनिअर जाऊन मोजमाप घेतात, भाव ठरवतात. तुमचा पगार, तुमचं सिबिल, तुमचं मार्जिन तपासलं जातं. घराचा विमा उतरवला जातो आणि त्या विम्यात बँकेचं नाव घातलं जातं. हे सगळं रास्त आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट कोणासाठी आहे? बँकेचा पैसा बुडू नये यासाठी. तुमच्या आईला संध्याकाळी देवळात जाताना रस्ता ओलांडता येईल का, हे बँक बघत नाही. तुमची मुलगी रात्री साडेनऊला स्टॉपवरून एकटी चालत येऊ शकेल का, हेही बघत नाही. ते बँकेचं कामच नाही.

मूल्यांकन अहवालाच्या छापील नमुन्यात "पूर येण्याची किंवा पाण्याखाली जाण्याची शक्यता" अशा अर्थाचा एक रकाना असतो. माझ्या टेबलावरून असे शेकडो अहवाल गेले. त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, "नाही". इंजिनिअर वाईट होते असं मी म्हणत नाही. ते मार्चच्या उन्हात तासाभरासाठी जायचे, आणि मार्चमध्ये सगळेच ओढे कोरडे असतात. तुम्हाला मात्र तिथे बारा महिने राहायचंय. आणि घरात पाणी शिरलं म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता काही थांबत नाही, हेही बँकवाला म्हणूनच सांगतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की बँकेचा होकार हा बँकेचा होकार आहे. तुमचा होकार तुम्हालाच द्यायचाय, आणि त्याची तपासणीही तुम्हालाच करायची आहे.

आता ही तपासणी कशी करायची? एक साधं सूत्र सांगतो. जागेत जे जे धोके दिसतील त्यांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात पुढे दुरुस्त होऊ शकणारे धोके. रस्त्यावर दिवे नाहीत, वॉचमन झोपतो, फाटकाला कुलूप नाही, कॅमेरे बंद आहेत. पैसे खर्च करून, पाठपुरावा करून, दहा अर्ज देऊन हे सुधारतं. आपणच गेल्या पंचवीस वर्षांत यातलं किती सुधारलं! दुसऱ्या ढिगात कधीच दुरुस्त न होणारे धोके. इमारत ओढ्याच्या काठावर आहे. मागे टेकडी उभी कापलेली आहे. गल्ली इतकी अरुंद की बंब वळत नाही. दारासमोरून महामार्ग जातो. यातली एकही गोष्ट सर्वसाधारण सभेच्या ठरावाने बदलत नाही. पहिल्या ढिगावर भावात घासाघीस करा, दुसऱ्या ढिगापुढे हात जोडा आणि दुसरी जागा बघा. मॉड्युलर किचनकडे बघून दुसऱ्या ढिगाकडे डोळेझाक करू नका.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा पाण्याचा. आपल्या शहराला पाण्याचा अनुभव नाही असं नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या पिढीला नदी म्हटलं की ते आठवतं. पण तरुणांनो, तुम्ही लक्षात ठेवायला हवी ती रात्र २५ सप्टेंबर २०१९ ची. त्या रात्री धरण फुटलं नव्हतं, नदीलाही मोठा पूर नव्हता. काही तासांच्या पावसाने आंबिल ओढा आणि शहरातले इतर ओढेनाले भरून वाहिले. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत हाहाकार झाला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो गाड्या वाहून गेल्या. ज्या ओढ्याला आपण उन्हाळ्यात नाक दाबून "नाला" म्हणतो, तो आपली मूळची वाट विसरत नाही. आपण ती वाट विसरतो. पुन्हा २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी भागात सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं.

तेव्हा जागा घेण्याआधी काय करायचं? जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. महापालिकेच्या विकास आराखड्यावर आपला सर्व्हे नंबर शोधा आणि या रेषा कुठून जातात ते बघा. "शंभर वर्षांतून एकदा" हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ पुढचा पूर शंभर वर्षांनी येणार असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. वीस वर्षांचं कर्ज घेणाऱ्याने वीस पावसाळ्यांचा हिशोब मांडावा. लहान ओढ्यांसाठी गाव नकाशा काढा आणि त्यात ओढा कुठून दाखवलाय ते बघा. गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी उपग्रह छायाचित्रं बघायला मिळतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे काय होतं, शेत होतं, तळं होतं की भराव टाकून बुजवलेली खाण, ते घरबसल्या कळतं. ही माहिती मला माझ्या नातवाने दिली, त्याचं श्रेय त्याला.

आणि एकदा पावसाळ्यात जा. चांगला तासभर पाऊस पडून गेल्यावर जा. सॅम्पल फ्लॅट बघू नका, तळघर बघा. भिंतीवर पाण्याची ओळ दिसते का, मीटरच्या पेट्या किती उंचावर बसवल्यात, पंप कुठे ठेवलाय, हे बघा. ज्या सोसायटीने मीटर छातीच्या उंचीवर नेलेत, तिने काहीतरी सोसलंय असं समजा.

दुसरा मुद्दा उताराचा आणि भिंतींचा. टेकडीलगतच्या फ्लॅटमधून दृश्य फार छान दिसतं. पण दुरून डोंगर साजरे ही म्हण उगीच पडलेली नाही. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. ते लांबचं वाटत असेल, तर २९ जून २०१९ ची कोंढव्याची घटना आठवा. एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पावसात कोसळली आणि पलीकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. म्हणजे भिंत आपल्याला सुरक्षित ठेवते असं म्हणून भागत नाही. ती कुठे झुकली आहे, तिच्यातून पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का, तिच्या पायथ्याशी खोदकाम चाललंय का, हे बघायला हवं. घर घेणाऱ्याने बघायला हवं, आणि घरात राहणाऱ्यानेही.

तिसरा मुद्दा इमारतीचा. इथे कागद बोलतात. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी, चालू असलेले दावे, सगळं तिथे आहे. १ मे २०१७ पासून ही सोय आहे. आम्ही घरं घेतली तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातल्या गणपतीवर विश्वास ठेवायचा एवढीच सोय होती! ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणं विकसकावर बंधनकारक आहे. भोगवटा पत्र नसेल तर किल्ली घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त देत असो. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत पडली आणि ७४ जीव गेले. तिथेही लोक स्वस्त मिळालं म्हणूनच राहायला गेले होते.

जुनी इमारत घेत असाल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. अहवाल दाखवायला समिती का-कू करत असेल तर तेही एक उत्तरच समजा.

चौथा मुद्दा आगीचा. दोन गोष्टी बघा. बंब आत येऊन वळू शकतो का, आणि जिना मोकळा आहे का. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. ते मागा. आणि प्रमाणपत्रावर न थांबता जिन्यातली लाल पेटी उघडून बघा. आत नळी असावी. मी मुलांबरोबर घरं बघायला जातो तेव्हा अशा पेट्यांमध्ये झाडू, फिनेलची बाटली आणि एकदा तर कोणाची तरी चपलांची जोडी बघितली आहे. (हशा.) हसू नका, आपल्या ए विंगची पेटी घरी जाताना उघडून बघा.

पाचवा मुद्दा रस्त्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा. चोराची भीती सगळ्यांना वाटते, पण घराबाहेर पडल्यावर आपल्याला जास्त धोका असतो तो वाहनांचा. बाह्यवळण महामार्गावर नवले पुलाजवळचा उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री तिथे एकाच अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. रोज शाळेची रिक्षा, आजोबांचा फेरफटका, तुमची दुचाकी कुठून जाणार, ते पायी चालून बघा. फूटपाथ आहे का, दुभाजकातून वाट कुठे आहे, सिग्नल चालू असतो का, ते बघा. पाण्याचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण आढळले, तेव्हा सगळं शहर एकमेकांना विचारू लागलं, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" हा प्रश्न घर घेण्याआधी विचारायचा असतो. महापालिकेचं, विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? क्लोरीन कोण टाकतं? टाकी शेवटची कधी धुतली?

आता सहावा मुद्दा, ज्याला लोक "सेफ्टी" म्हणतात, म्हणजे चोऱ्या, छेडछाड, मारामाऱ्या. याबद्दल ऐकीव गोष्टी फार असतात. "तो भाग वाईट आहे," असं सांगणारा बहुधा त्या भागात कधी गेलेला नसतो. म्हणून दोन मार्ग सांगतो.

एक, पोलिसांची माहिती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिल्यापासून एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा निवडल्या की ते दिसतात. महिलांवरचे अत्याचार आणि इतर संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात, हे ध्यानात ठेवा. एक-दोन महिन्यांची यादी चाळा. घरफोड्या किती, वाहनचोऱ्या किती, सोनसाखळ्या कुठल्या वेळी ओढल्या जातात, याचा अंदाज येतो. पण आकड्यांवर एकदम उडी मारू नका. एका ठाण्याच्या हद्दीत लाखो माणसं असू शकतात, दुसऱ्याच्या हद्दीत निम्मी. आणि जिथे लोक तक्रार द्यायला कचरत नाहीत, तिथे आकडा मोठा दिसतो. आकडा लहान म्हणजे भाग चांगला, हे गणित बरोबर नाही.

दोन, स्वतः जाणं. तीन वेळा जा. कामाच्या दिवशी सकाळी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, आणि रात्री साडेनऊनंतर. रात्री गाडीने जाऊ नका. मेट्रो स्टेशनवर किंवा पीएमपीच्या स्टॉपवर उतरा आणि चालत जा. आणि बरोबर घरातल्या बाईमाणसाला न्या. खरं म्हणजे तिनेच पुढे चालावं, तुम्ही मागे राहा. पुरुषाला रस्ता ठीक वाटला म्हणून तो बाईला ठीक वाटेल असं नसतं. तिची पावलं कुठे भरभर पडायला लागली, ते नीट लक्षात ठेवा. तेवढा अहवाल कुठल्या सल्लागाराकडून मिळणार नाही.

असं फिरलात की एक गोष्ट दिसेल. नवीन प्रकल्पांकडे जाणाऱ्या काही रस्त्यांवर दोन्ही बाजूंना लांबच लांब कंपाउंडच्या भिंती किंवा पत्रे असतात. आत स्विमिंग पूल, क्लब हाऊस, कॅमेरे. बाहेर अंधार आणि कुत्री. एकही खिडकी रस्त्याकडे नाही. याउलट ज्या गल्लीला आपण नाक मुरडतो तिथे इस्त्रीवाला जागा असतो, किराणा दुकान उघडं असतं, मेडिकलचा दिवा चालू असतो, बायका कट्ट्यावर बसलेल्या असतात. रात्री दहाला हाक मारली तर कोणत्या रस्त्यावर ओ येईल? "तिथे कसले लोक राहतात?" असा प्रश्न एजंटला विचारू नका. जात, धर्म, भाषा, झोपडी की बंगला, यावरून सुरक्षितता ठरवणं चुकीचं तर आहेच, शिवाय उपयोगाचंही नाही. "रात्री रस्त्यावर माणसं असतात का, आणि एकमेकांना ओळखतात का?" हे विचारा.

विचारायचं कोणाला, तेही सांगतो. विकणाऱ्याला विचारू नका, त्याला घाई असते. एजंटला विचारू नका, त्याला टक्के असतात. समोरच्या किराणावाल्याला विचारा, पण आधी काहीतरी विकत घ्या. धुणंभांडी करणाऱ्या ताईंना विचारा, त्या पहाटे येतात आणि संध्याकाळी जातात. रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे जागा सोडून चाललेला भाडेकरू गाठा. सामान टेम्पोत चढवणाऱ्या माणसाला खोटं बोलायचं काही कारण उरलेलं नसतं.

एवढं सगळं करून शंभर टक्के सुरक्षित जागा मिळेल का? नाही मिळणार. प्रत्येकाचं बजेट असतं, ऑफिस असतं, मुलांची शाळा असते. बँकही जोखीम घेतल्याशिवाय धंदा करत नाही. पण बँक कोणती जोखीम घेतोय ते कागदावर लिहून मग सही करते. तुम्हीही तेवढंच करा. आपण काय पत्करतोय हे नवरा-बायको दोघांना माहीत असावं आणि दोघांना मान्य असावं. घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. आता बांधत कोणी नाही, पण पाहावं तरी नीट.

आता शेवटचा मुद्दा. हा तरुणांसाठी नाही, आपल्या ज्येष्ठांसाठी आहे, आणि थोडा कडू आहे.

मी मुलांना म्हणतो, राहणाऱ्यांना विचारा. उद्या दुसऱ्या कोणाची मुलगी आणि जावई आपल्या फाटकाशी येऊन आपल्याला विचारतील. आपल्याकडे दर वर्षी दोन-चार फ्लॅट विकले जातात. तेव्हा आपण काय सांगणार?

२५ सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री आपल्या मागचा नालाही फुगला होता. बी विंगच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना आपण पहिल्या मजल्यावर घेतलं. कोणी कोणाच्या घरी झोपलं, कोणी पोहे केले, कोणी मेणबत्त्या दिल्या, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा खांबावर चिखलाची ओळ उमटली होती. पुढच्या रंगकामात ती गेली. ते साहजिक होतं. पण त्यानंतर समितीत कोणीतरी सुचवलं, की त्या उंचीवर एक पट्टी रंगवून तारीख टाकू. तेव्हा काही सभासद म्हणाले, "कशाला? बघायला येणारे विचारतील, रेट पडेल." विषय तिथेच राहिला.

रेटची काळजी मला कळते. अहो, आयुष्यभर भावच लावत आलोय मी. आपल्यातल्या कित्येकांची सगळी पुंजी या चार भिंतींत आहे. निवृत्तीनंतर हा फ्लॅट विकून मुलाकडे जायचं, असा हिशोब अनेकांचा असेल. तरीही मी सांगतो, ती पट्टी रंगवायला हवी. तिचा पहिला उपयोग विकत घेणाऱ्याला नाही, आपल्याला आहे. २०१९ नंतर आपल्याकडे वीस-बावीस नवीन कुटुंबं राहायला आली, भाडेकरू वेगळेच. पुन्हा तसा पाऊस आला तर गाडी कधी वर काढायची, तळमजल्यावरच्या आजींना कधी उठवायचं, मेन स्विच कोणी बंद करायचा, हे त्यांना कोण सांगणार? खांबावरची पट्टी सांगेल.

आणि विकत घेणाऱ्याबद्दल म्हणाल, तर त्याला खरं सांगून घर विकणं शक्य असतं. "हो, २०१९ ला पाणी आलं होतं. त्यानंतर आम्ही मीटर वर नेले, पंपाची खोली उंच केली, नाल्याकडची भिंत इंजिनिअरला दाखवून घेतली, दर मे महिन्यात चेंबर साफ करतो." असं सांगणाऱ्या सोसायटीत मी स्वतः घर घेईन. जी सोसायटी "छे छे, आमच्याकडे काही नाही" म्हणते, तिथे मी जपून पाऊल टाकेन. समजा, खरं बोलल्यामुळे चार पैसे कमी आलेच, तर तेवढे येऊ द्यावेत. दडवून विकलेल्या घरात तान्ह्या मुलाला घेऊन कोणीतरी झोपणार असतं. आपली मुलं आज दुसऱ्यांच्या फाटकांवर हेच प्रश्न विचारत फिरत आहेत. त्यांना खरं उत्तर मिळावं असं वाटत असेल तर आपल्या फाटकावरही तेच मिळायला हवं.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. बी विंगच्या खांबावर २५ सप्टेंबर २०१९ ची पातळी रंगवावी, आणि घर बघायला येणाऱ्याने मागितल्यास स्ट्रक्चरल ऑडिट आणि फॉर्म बी ऑफिसमध्ये दाखवावेत. अनुमोदक हवा आहे. रेटची काळजी करणारा कोणी पुढे आला तर अधिक आनंद होईल.

मागच्या रांगेतल्या मुलांनी मोबाईल खाली ठेवलेत असं दिसतंय, म्हणजे मुद्दल वसूल झालं. एक लक्षात ठेवा, घर बघायला जाताना कोणी सोबत हवं असेल तर मला हाक मारा. सकाळी सातनंतर कधीही मोकळा असतो. फक्त रात्रीच्या फेरीला टॉर्च आणि पावसाळ्यात छत्री तुमची.